दुसरी बॅटरी जोडताना: रिले की डीसी-डीसी चार्जर?

फ्रिज, दिवे, पंप यांच्यासाठी गाडीत दुसरी बॅटरी बसवायची ठरली, की खरा प्रश्न येतो तो ती चार्ज कशी करायची याचा.

व्होल्टेज पाहून चालणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, साधा असतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. ‘टक्’ असा आवाजही येतो. स्वस्त, बसवायला सोपा, आणि काही रिलेंमध्ये बटण दाबून दुसऱ्या बॅटरीवर गाडी सुरू करता येते. आडरानात ही सोय लाखमोलाची. जुना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) आणि दोन्ही लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील तर मी डोळे झाकून हाच घेईन.

पण नव्या गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मध्येच खाली आणतात. मग रिले सुटतो आणि दिवसभर गाडी हाकूनही दुसरी बॅटरी अर्धपोटीच राहते. डीसी-डीसी चार्जर मात्र मिळेल ते व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवं तसं, म्हणजे १४.४ च्या आसपास, देतो. मागच्या डिकीपर्यंतच्या लांब वायरीत होणारी घटही तो भरून काढतो. लिथियम बॅटरीला तर हाच हवा. महाग आहे, आणि इंजिनाजवळच्या उष्णतेत त्याची ताकद कमी होते. जागा नीट निवडा.

फ्यूज मात्र दोन्ही प्रकारांत लागतोच, तोही दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्ह टोकांजवळ.