ब्लेंडर: फुकट आहे म्हणून हलकं समजू नका

तीन वर्षं झाली ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल आणि अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर वापरतोय, आधी एका पेड सॉफ्टवेअरचं भाडं दर महिन्याला भरून वैतागलो होतो. हे पूर्ण फुकट, कमर्शियल कामालाही चालतं. 2002 साली लोकांनी वर्गणी काढून 1 लाख युरो जमवले आणि याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम) सगळ्यांसाठी मोकळा केला, त्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दिवाळीत आकाशकंदील केला यात. साधा सिलिंडर घेतला, बाजू सहा ठेवल्या, मधला भाग एस दाबून फुगवला, कागदाला ट्रान्सल्युसंट शेडर (उजेड झिरपू देणारं मटेरियल) आणि आत एक पॉइंट लाइट, बस, आणि सायकल्स या ब्लेंडरमधल्या रेंडर इंजिनमध्ये (जे मॉडेलवरून शेवटचं चित्र बनवतं) रेंडर लावल्यावर कागदातून जो पिवळसर उजेड झिरपला ना, घरच्यांना फोटोच वाटला! ईव्ही या दुसऱ्या रेंडर इंजिनमध्ये तेच झटपट दिसतं पण उजेडात तो मऊपणा येत नाही.

सुरुवातीला शॉर्टकट अंगावर येतात. जी हलवायला, आर फिरवायला, एस लहानमोठं करायला, एवढे तीन आधी हातात बसवा. लॅपटॉपला नमपॅड (उजवीकडची आकड्यांची वेगळी बटणं) नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये इम्युलेट नमपॅड ऑन करा, नाहीतर व्ह्यू बदलताना चिडचिड होईल. सायकल्स वेगात चालायला मात्र बरं ग्राफिक्स कार्ड हवं.

टूडीवाल्यांनी ग्रीस पेन्सिल, म्हणजे यातलंच चित्र काढायचं साधन, बघाच. गेम बनवायचा असेल तर यातलं गेम इंजिन 2.80 पासून काढलंय, मॉडेल इथे करून गोडो या गेम इंजिनमध्ये न्या, तेही फुकटच आहे.