सोसायटीचं सोलर की बाथरूममधला गीझर? रीसेल फ्लॅट घेताना गरम पाण्याचा विचार

रीसेल फ्लॅट बघायला गेलात आणि गरम पाण्याचं विचारलंत, की दोनपैकी एक उत्तर मिळतं. उंच, नव्या इमारतीत एजंट सांगतो, "गच्चीवर सोलर आहे साहेब, गीझरचा प्रश्नच नाही." जुन्या सोसायटीत मालक म्हणतात, "गीझर आहे, पण आम्ही इथून हललो तेव्हापासून लावलेला नाही. चालू असायला हवा." खात्रीने दोघेही बोलत नाहीत. स्टेशन, कार्पेट, भाव हे सगळं उन्नीस-बीस असेल, तर यातली कोणती शंका पत्करून पुढे जायचं?

मुलुंड-भांडुप पट्ट्यात घर शोधताना आमच्यापुढे नेमके असेच दोन फ्लॅट होते. त्याआधी काही वर्षं सोलर असलेल्या इमारतीत भाड्याने राहिलो होतो, त्यामुळे त्याची चांगली-वाईट बाजू अंगवळणी पडलेली होती. खाली लिहितोय ते त्या अनुभवावरून. मोजमापं काही घेतलेली नाहीत, आणि तुमच्या इमारतीत चित्र वेगळं असूही शकेल.

आधी सोलरच्या बाजूने बोलतो, कारण ते चांगलं चालतं तेव्हा खरंच सुख असतं. बटण लावून थांबणं नाही, घरात पाहुणे असले तरी शेवटच्या माणसाला कडक पाणी. विजेची बचतही खरी आहे. १५ लिटरची टाकी एकदा तापवायला अर्धं ते पाऊण युनिट जातं, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला ६०-७० युनिटं सहज. पावसाळ्यात चित्र बदलतं. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, म्हणून टाकीत विजेचं कॉइल बसवलेलं असतं आणि ते सोसायटीच्या कॉमन मीटरवर चालतं. ते किती वेळ चालू ठेवायचं हे कमिटी ठरवते. इथपर्यंत मला काही तक्रार नव्हती. आठ-दहा दिवस कोमट पाण्यावर भागतं.

भागलं नाही ते रोज सकाळच्या थंड पाण्याचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो आणि इमारत बरीच उंच. गच्चीवरच्या टाकीतून गरम पाण्याची लाइन डक्टमधून खाली येते, आणि रात्रभर त्या लाइनमध्ये उभं असलेलं पाणी निवतं. सकाळी सहाला गरमचा नळ सोडला की आधी तेच सगळं थंड पाणी येणार. एक बादली भरायची, दुसरी भरायची, मग हात लावून बघायचा. आईची आंघोळ सगळ्यांत आधी असायची. ती नळाखाली बोटं धरून उभी राहायची आणि "अजून गारच आहे रे" म्हणायची. ते पाणी ओतून द्यायला कुणाचा जीव होणार? मग मशीनसाठी एक बादली, लादी पुसायला एक, संडासात एक, अशा भरलेल्या बादल्यांमधून वाट काढत आंघोळी. ज्या दिवशी महापालिकेची पाणीकपात असायची त्या दिवशी तर हे फार लागायचं, कारण आधीच मोजून मिळालेलं पाणी गरम पाण्याची वाट बघण्यात जायचं.

यावर उपाय नाही असं नाही. पाइपांना नीट इन्सुलेशन करता येतं, थंड झालेलं पाणी परत टाकीकडे फिरवणारा छोटा पंप आणि परतीची लाइन टाकता येते. पण त्यासाठी सोसायटीचा ठराव हवा, आणि गाडं तिथेच अडायचं. वरच्या मजल्यांवर नळ सोडला की लगेच गरम पाणी. त्यांच्या दृष्टीने सोलर उत्तम चालू. आमच्या घरमालकांनी वार्षिक सभेत हा विषय काढला, तेव्हा सेक्रेटरी अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "आमच्याकडे तर येतं." ते राहायचे शेवटून दुसऱ्या मजल्यावर. खोटं काहीच बोलत नव्हते. ज्यांनी खालच्या मजल्यांवर कंटाळून स्वतःचे गीझर लावून घेतले होते, त्यांना सोलरवर आणखी खर्च नको होता. विषय पुढच्या सभेवर गेला.

म्हणून "सोलर चालतं का?" या प्रश्नाला इमारतीचं एक उत्तर नसतंच. एकाच गच्चीवरचं, एकच यंत्र सतराव्या मजल्यावर चालतं आणि तिसऱ्यावर चालत नाही. आणि मालकाने कितीही मनात आणलं तरी तो ते तुम्हाला दुरुस्त करून देऊ शकत नाही, कारण ते त्याचं नाहीच. भावात सूट मागावी तर कशाची मागणार?

आता गीझरकडे येऊ. बंद पडून असलेला गीझर बघायला साधा इलेक्ट्रिशियन बरोबर नेला तरी अर्ध्या तासात निकाल लागतो. १६ अँपिअरच्या सॉकेटभोवती तपकिरी डाग आहे का, अर्थिंग आहे का, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं का, तापताना आतून खडखड आवाज येतो का. तो आवाज बहुतेक क्षाराचा असतो. तलावांतून येणारं मुंबईचं पाणी तसं मऊ, त्यामुळे क्षार फारसा बसत नाही, पण बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत कॉइल लवकर जातं, तेव्हा पाणी कुठलं हे विचाराच. आणि सगळं करून गीझर मेलेला निघाला, तर नवा आठ-दहा हजारांत येतो, संध्याकाळपर्यंत बसतो. कुणाचा ठराव लागत नाही. मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्कापोटीच ६ टक्के मोजतो आपण. त्यापुढे ही रक्कम मनावर घेण्यासारखी मला तरी वाटली नाही.

जुन्या घरात खरी भीती वेगळी आहे आणि ती लपवणं बरं नाही. गीझरपासून नळापर्यंतची भिंतीतली लाइन जर जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची असेल तर ती आतून गंजून बुजत येते. ओळखायला सोपं आहे: थंडचा नळ पूर्ण सोडा, धार बघा. मग गरमचा सोडा. गरमची धार अर्ध्यावर असेल किंवा पहिलं पाणी तांबूस आलं, तर लाइन बदलावी लागणार असं धरून चाला. म्हणजे टाइल्स फोडणं, पुन्हा वॉटरप्रूफिंग, आणि ते नीट झालं नाही तर खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल. हा खर्च गीझरच्या कैक पटींनी जातो. आम्ही शेवटी घेतलेल्या गीझरवाल्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकांनी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक पाइप टाकून घेतलेलं होतं, ही आमची सोय झाली. ते नसतं तर कदाचित मीही आणखी विचार केला असता.

काही घरांत पाइप गॅसवरचा गीझर दिसतो. पाणी झटकन तापतं, पण बाथरूमच्या आत, बंद दाराआड बसवलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. असा असेल तर काढून टाकायचाच हिशेब धरा.

तरीही सोलरवाला फ्लॅट मनात भरला असेल, तर एजंट दाखवतात त्या रविवार दुपारच्या वेळेवर विसंबू नका. मे महिन्यात दुपारी थंडचा नळही गरम असतो. सकाळी साडेसहाला त्याच फ्लॅटमध्ये, त्याच बाथरूममध्ये बादली लावायची परवानगी मागा. मालकांना विचित्र वाटेल, पण घर घेणारा एवढं मागू शकतो. जमलंच नाही तर त्यांचं जानेवारीचं वीजबिल बघा. त्या महिन्यात एसी नसतो. तरी युनिटं फारशी उतरलेली नसतील, तर घरात रोज गीझर लागतोय का हे स्पष्ट विचारा. सोसायटीच्या वार्षिक हिशेबात सोलरच्या देखभालीचा खर्च दिसतो का, हेही मालकांकडून प्रत घेऊन पाहा. दोन-तीन वर्षं तिथे काहीच खर्च नसेल, तर गच्चीवरचे पॅनल शोभेपुरते उरलेत असं मी समजेन.

कायदा थोडाफार पाठीशी आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत सोयीसुविधांमधला दोष लक्षात आणून दिला, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. इमारत त्याहून जुनी असेल तर हा आधार गेला. आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगायला हवा. मात्र हे सिद्ध करत बसण्यापेक्षा टोकन देण्याआधी विचारलेलं चांगलं.

माझं मत विचाराल तर, इमारत ५ वर्षांच्या आतली आणि फ्लॅट वरच्या तीन-चार मजल्यांवरचा असेल तर सोलर जरूर घ्या, तिथे ते सुखाचं ठरेल. मधल्या-खालच्या मजल्यावर मी तरी बंद गीझरवालं घर घेईन. सौदा करताना त्या गीझरचे आठ-दहा हजार कापून मागण्यात शब्द वाया घालवू नका. गरमच्या नळाची धार मालकांच्या समोर दाखवा आणि लाइन बदलण्याचा प्लंबरचा अंदाज पुढे ठेवून भाव बोला.