हनोईची बोली की सैगॉनची? इंग्रजी बोलणाऱ्याला व्हिएतनामी शिकवण्याआधी

इंग्रजीत वाढलेल्या माणसाला व्हिएतनामी उच्चार शिकवायला बसलात की पुस्तक कुठलं घ्यायचं, हा प्रश्न नंतरचा. आधी बोली ठरवावी लागते: उत्तरेकडची हनोईची की दक्षिणेकडची सैगॉनची? (शहराचं नाव १९७६ साली बदलून हो ची मिन्ह सिटी झालं, पण बोलीला लोक सैगॉनचीच म्हणतात.) ‘दोन्ही थोडं थोडं शिकवू’ हे मला पटत नाही. त्यात विद्यार्थी ना इकडचा राहतो ना तिकडचा. या दोन्हींच्या मधल्या ह्यू शहराची बोली तर नवख्याला नकोच. ती ऐकताना खुद्द हनोईकरही अडखळतात.

लोक आधी सूर मोजतात, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार. हनोईत सहा सूर आहेत. सैगॉनमध्ये त्यातले ‘होई’ आणि ‘ङा’ नावाचे दोन सूर एक झाल्यामुळे पाचच उरतात. मग सैगॉन सोपं, नाही का? मला तसं वाटत नाही. इंग्रजी माणसाची खरी अडचण सुरांच्या संख्येत नाहीच. तो आवाजाचा चढउतार भावनेसाठी राखून ठेवतो. वाक्य संपलं की त्याचा आवाज आपोआप पडतो आणि प्रश्न आला की चढतो. व्हिएतनामीत ‘तोइ’ सपाट सुरात म्हटलं तर अर्थ ‘मी’. तेच पडत्या सुरात म्हटलं तर ‘टुकार’. ‘दी दाउ’ म्हणजे ‘कुठे चाललास’. यातला ‘दाउ’ सपाट हवा. आपला विद्यार्थी मात्र प्रश्न आहे म्हणून तो वर उचलतो आणि ‘कुठे’च्या जागी ‘झुंजणे’ येऊन बसतं. या चुका दोन्ही बोलींत सारख्याच होतात. त्यामुळे पहिले पंधरा दिवस फक्त सपाट, पडता आणि चढता सूर घोटून घ्या. तोवर बोलीचा वाद बाजूला राहिला तरी चालतो.

फरक पडतो तो पुढे. हनोईचा ‘ङा’ मधेच गळ्यात तुटतो. इंग्रजी माणसाला हे अशक्य वाटतं, पण हातातून कप निसटला की तो जे ‘अ‑ओ’ म्हणतो, त्यात हाच तुटका आवाज असतो. तो आठवून द्यायचा, काम होतं. ‘नांग’ सूर हनोईत आखूड आणि दाबलेला असतो, गळा आवळल्यासारखा. सैगॉनचा ‘नांग’ खाली जाऊन जरासा वर वळतो आणि नवख्या कानाला होईसारखाच लागतो. म्हणजे हनोईत सूर एक जास्त असला तरी ओळखायच्या खुणा ठळक आहेत.

व्यंजनांच्या बाबतीत दोन्ही बोलींचं पारडं वरखाली होतं. व्हिएतनामी ज्या रोमन लिपीत लिहितात, ती मिशनऱ्यांनी घडवली. अलेक्झांडर द रोद यांचा शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. त्या जुन्या लिखाणातले भेद आज दोन्हींपैकी एकाही शहरात पूर्णपणे शिल्लक नाहीत. अक्षरावर भिस्त ठेवणारा इंग्रजी विद्यार्थी इथेच फसतो. आडवी रेघ नसलेला साधा ‘डी’ हनोईत ‘झू’मधल्या झसारखा, तर सैगॉनमध्ये सरळ ‘य’. हनोईत ‘आर’चाही तोच झ होतो. सैगॉनमध्ये तो ‘र’च राहतो, म्हणजे शब्दाची सुरुवात सैगॉन लिपीशी जास्त इमानदारीने जुळवतं. शब्दाच्या शेवटी उलट. ‘बान’ म्हणजे टेबल, ते सैगॉनमध्ये जवळपास ‘बांग’ ऐकू येतं. विद्यार्थी ऐकलं तसं लिहितो आणि चुकतो.

‘त’ची गोष्ट दोन्हीकडे एकच. इंग्रजी माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ‘ट’ हवा सोडून म्हणतो, त्यामुळे ‘तोइ’चं ‘थोइ’ होतं. ‘थोइ’ म्हणजे ‘पुरे’! बिचारा ‘मी, मी’ म्हणत असतो आणि समोरच्याला ‘पुरे, पुरे’ ऐकू येतं. आपल्याला त आणि थ आईच्या दुधाबरोबर मिळतात, म्हणून ही अडचण चटकन कळत नाही. त्याला ‘स्टॉप’ म्हणायला लावा, तोंडासमोर तळहात धरायला सांगा आणि मग हळूहळू आधीचा ‘स’ गाळा.

मग निवड कशी करायची? सासर व्हिएतनामी असेल आणि ते कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टरच्या लिटल सैगॉनमध्ये किंवा सिडनीच्या कॅब्रामाटात असेल, तर सैगॉनच. १९७५ नंतर तिकडे गेलेल्यांत दक्षिणेचे लोक जास्त. सासूबाईंशी हनोईच्या बातमीदारासारखं बोलून काय मिळणार? शब्दसुद्धा बदलतात. हनोईच्या फळवाल्याकडे कलिंगड, नारळ आणि अननस ही तिन्ही नावं एकाच ‘झुअ’ची, फक्त सूर वेगळे: सपाट, पडता, चढता. सैगॉनमध्ये ‘झुअ’चं ‘युअ’ होतं, पण अननसाला ‘थोम’ म्हणतात, त्यामुळे निदान एक गोंधळ टळतो.

नातं, नोकरी असं काहीच बांधलेलं नसेल तर मी हनोईपासून सुरुवात करेन. सहा सुरांवरून पाचावर येणं सोपं. पाचाची सवय लागल्यावर ङा वेगळा ऐकायला शिकणं जड जातं. फक्त शिकवणारे तुम्ही स्वतः सैगॉनचे असाल, तर हनोईची नक्कल करू नका. विद्यार्थी तुमच्या तोंडाकडे बघून शिकणार आहे आणि ओढूनताणून आणलेला ङा त्याच्याही गळ्यात तसाच अडकेल.