मिरजेतलं हॉस्पिटलसमोरचं कोपऱ्यावरचं हॉटेल : ड्युटी सांभाळून वर्ल्ड कप बघायचा असेल तर

या हॉटेलच्या पाटीवरचं नाव उन्हापावसानं पार उडालंय. आमच्याकडं सगळे त्याला नुसतं ‘कोपऱ्यावरचं’ म्हणतात. मी समोरच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत टेक्निशियन आहे. नऊ वर्षं इथला चहा पितेय, पण लिहावंसं वाटलं ते २०२५च्या महिला वर्ल्ड कपमुळं. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या माणसाला क्रिकेट बघायला हे हॉटेल कसं आहे, तेवढंच सांगते.

आधी माझी अडचण. ३० सप्टेंबर ते २ नोव्हेंबर स्पर्धा, मॅच दुपारी तीनला सुरू, आणि माझी ड्युटी एक ते नऊ. म्हणजे अख्खी मॅच ड्युटीत. त्यात ऑक्टोबर म्हणजे डेंग्यूचा महिना, प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी नातेवाइकांची रांग. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात आणि तेवढे दिवस मशीनवर सारख्या हलत ठेवाव्या लागतात. हातात सतत रक्ताच्या नळ्या, त्यामुळं फोन लॉकरमध्ये. हा नियम मला मनापासून पटतो. पेशंटची नळी हातात असताना लक्ष स्कोअरमध्ये गेलं आणि लेबल चुकलं, तर कोणाच्या जिवावर बेतू शकतं. पण स्मृती मानधना आमच्या सांगलीची, माधवनगरात वाढलेली. तिचा वर्ल्ड कप आपल्या देशात चाललाय आणि मला रात्री नऊनंतरच कळणार, हेही सहन होईना.

उपाय हॉटेलच्या अण्णांनी काढला. रक्तपेढीत चहा चार, सहा आणि आठला येतो. आत खायला-प्यायला मनाई आहे, म्हणून पोरगा तारेचा स्टँड बाहेरच्या पॅसेजमधल्या खिडकीच्या कठड्यावर ठेवून जातो. ३० सप्टेंबरला गुवाहाटीत श्रीलंकेबरोबर पहिली मॅच होती. सहाचा चहा घ्यायला बाहेर आले तर ग्लासखाली बिलबुकाचा चौकोनी कागद, मागच्या बाजूला निळ्या पेनानं लिहिलेलं : ‘१२४ ला ६’. एवढंच. कोणी लिहायला सांगितलं, विचारलं तर म्हणाला, “अण्णा म्हणाले, ताईंचा जीव टांगणीला असंल, दे लिहून.” आठच्या चिठ्ठीत २६९ वाचलं तेव्हा अमनजोत आणि दीप्तीनं डाव सावरल्याचं कळलं. चहा गार होईपर्यंत मी तो कागद हातात धरून उभी होते.

त्या दिवसापासून प्रत्येक मॅचला माझ्या ग्लासखाली चिठ्ठी. याचे वेगळे पैसे नाहीत. चहा बारा रुपये, पोच धरून.

सुरुवातीला या सेवेत एक दोष होता. ९ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेच्या मॅचला सहाची चिठ्ठी आली, ‘१०२ ला ६. हरलो.’ आठची आली, ‘२५१. रिचा ९४. जिंकलो.’ मी खुशीत घरी निघाले आणि रात्री बघते तर नदीन डी क्लर्कनं ५४ चेंडूंत नाबाद ८४ मारून मॅच काढून नेलेली. दुसऱ्या दिवशी पोराला जवळ बोलावून सांगितलं, “बाळा, आमच्याकडं नळीत जे दिसतं तेवढंच रजिस्टरला लिहितात, पुढं काय होईल ते नाही. तू पण नुसते आकडे लिही.” त्यानं ते मनावर घेतलं. नंतरच्या एकाही चिठ्ठीत त्याचा अंदाज नव्हता. उलट षटकं आली, कोण खेळतंय ते आलं, कोणाच्या बोलिंगवर कोण गेलं तेही आलं. ज्याला सुरुवातीला हरमनप्रीत आणि स्मृती सोडून तिसरं नाव माहीत नव्हतं, तो महिन्याभरात ‘श्री चरणी १० ओव्हर झाल्या’ असं लिहायला लागला.

आता प्रत्यक्ष बसून बघायचं म्हणाल तर. टीव्ही ३२ इंची, जुना, गल्ल्याच्या वर टांगलेला. दारातून आत आल्यावर डावीकडचं दुसरं टेबल धरा. तिथून खांब आड येत नाही आणि भज्यांच्या कढईचा धूर पण लागत नाही. पंख्याखालचं टेबल टाळा, ट्यूबलाइटची तिरीप थेट पडद्यावर पडते आणि चेंडू दिसत नाही.

आणि टीव्हीचा आवाज बंद असतो. कायम. अण्णांचा हा नियम फार जुना आहे. हॉटेलात बसणारं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या पेशंटचे नातेवाईक. कोणी आयसीयूबाहेरून दोन घास खायला आलेलं असतं, कोणाला तिथंच बसल्या जागी फोन येतो. अशा माणसाच्या कानाशी कॉमेंट्री आणि टाळ्या नकोत, असं अण्णांचं म्हणणं. आरडाओरडा नाही, टेबल बडवणं नाही, फटाके तर नाहीतच. तरुण पोरांना हे जड जातं, काही जण उठून स्टेशनकडच्या मोठ्या पडद्याच्या हॉटेलात जातात. मला हाच या जागेचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. आठ तास उभं राहून काम केल्यावर डोक्याला शांत जागा लागते. शिवाय आवाज नसला की खेळ जास्त नीट दिसतो. क्षेत्ररक्षण कसं लावलंय, बोलरचा हात कुठून येतोय, याकडं लक्ष जातं.

माझी खरी तक्रार होती ती फॅमिली रूमची. आमच्याकडच्या बहुतेक हॉटेलांसारखी इथंही मागं प्लायवूडची आडोशाची जागा आहे, पडदा लावलेली. बाई एकटी आली की तिला बोट दाखवून तिकडं पाठवायचं. आणि तिथून टीव्ही दिसत नाही. पहिल्या दहा दिवसांत मी दोनदा तिथं बसले आणि टीव्हीवर अकरा बायका देशासाठी खेळत असताना समोर प्लायवूड बघत भडंग खाल्लं. १२ तारखेच्या रविवारी ऑस्ट्रेलियानं ३३१ करून आपल्याला हरवलं, तेव्हा तर आतल्या चौघी नर्स एकमेकींच्या फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या होत्या. मी उठून गल्ल्यावर गेले. म्हटलं, “अण्णा, बायकांची मॅच आहे आणि बायकांनाच दिसत नाही, हे बरं नाही.” अण्णा काही बोलले नाहीत. मला वाटलं, राग आला.

मधे १९ तारखेला इंदूरला इंग्लंडकडून चार धावांनी हरलो. सलग तिसरी हार. स्मृती ८८वर गेली आणि जिंकत आलेली मॅच निसटली. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीची अदलाबदल केली. लक्ष्मीपूजनाची, २१ तारखेची सहकारिणीची ड्युटी मी घेतली आणि बदल्यात तिनं माझी २ नोव्हेंबरची घेतली. ती म्हणाली, “अगं, सेमीला तरी पोचतील का? कशाला सणाची ड्युटी घेतेस?” मी रजिस्टरला सही केली. नोकरी करून मोठी स्पर्धा बघायची तर सुट्टी आधी मागून ठेवावी लागते, टीम पोचल्यावर ती कोणालाच मिळत नाही. घरी पूजा सासूबाईंनी केली, मी रात्री साडेनऊला येऊन हळदीकुंकू वाहिलं.

२३ तारखेला भाऊबीज. ड्युटीच्या आधी जेवायला म्हणून हॉटेलात शिरले तर मागचा प्लायवूड गायब. खिळ्यांची भोकं तेवढी भिंतीत. तिथलं मोठं बाकडं थेट टीव्हीसमोर आणून ठेवलेलं. अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, “आजपासून तुम्ही म्होरं बसायचं, ताई.” मला बोलायला सुचेना. त्या दिवशी सहाच्या चहाखाली चिठ्ठी होती : ‘स्मृती १०९ गेली. २१२ ला १. प्रतिका खेळतीय.’ प्रतिका रावलनं १२२ केल्या, जेमिमानं नाबाद ७६, आपण ३४०. न्यूझीलंडला हरवून सेमी गाठली.

३० ऑक्टोबर, ऑस्ट्रेलियाबरोबर सेमीफायनल. गुरुवार, पूर्ण ड्युटी. सहाच्या चिठ्ठीत लिचफिल्डचं शतक. आठची जरा उशिरा आली : ‘५९ ला २. स्मृती २४ गेली. ३३९ पायजेत.’ मी ती चिठ्ठी दुमडून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि आत गेले. नऊला सुटायची तर पावणेनऊला लेबर रूममधून तातडीची मागणी आली, बाळंतिणीला रक्तस्राव, दोन पिशव्या. पुढच्या ड्युटीची आलेली होती, पण ती दुसऱ्या पेशंटच्या प्लेटलेटमध्ये गुंतलेली. मी थांबले. पेशंटचं सीरम, पिशवीतल्या लाल पेशी, ३७ अंशांवर इन्क्युबेशन, सेंट्रिफ्यूज, मग नळी हलकेच तिरकी करून गुठळी होते का ते उजेडात बघायचं. दोन्ही पिशव्या जुळल्या. त्या तासाभरात मला मॅच आठवली नाही, हे खरं सांगते.

बाहेर आले तेव्हा हरमनप्रीत ८९वर गेलेली, दीप्ती आत आलेली. हॉटेलात बाकड्यावर सहा-सात जणी. नर्स, दोन आया, सफाईच्या मावशी. मला सरकून जागा दिली. अण्णांनी न सांगता कटवडा पाठवला. शेजारच्या टेबलावर एक माणूस होता, ज्याच्या हातात मी दहा मिनिटांपूर्वी पावती दिली होती तोच. पिशव्या वर गेल्या होत्या, त्याला खाली पाठवलेलं. पुढ्यात भडंगाची प्लेट, पण तो खात नव्हता. एक डोळा फोनवर, एक टीव्हीवर. साडेदहा उलटल्यावर त्याचा फोन वाजला. सगळं हॉटेल त्याच्याकडं बघत होतं, टीव्हीकडं नाही. तो “हा... हा... बरं” एवढंच म्हणाला, फोन खाली ठेवला आणि मावशींना म्हणाला, “रक्त थांबलं.” थोड्या वेळानं अमनजोतनं चौकार मारला आणि मॅच संपली. ३४१ ला ५, जेमिमा नाबाद १२७. महिलांच्या वनडेत एवढ्या धावांचा पाठलाग आधी कोणी केलेला नव्हता. कोणी ओरडलं नाही. सगळे उभे राहिले, तोही उभा राहिला. मावशींनी पदर तोंडाला लावलेला आणि त्यांचे खांदे हलत होते.

दक्षिण आफ्रिकेबरोबरच्या फायनलला सुट्टी होती. नवी मुंबईत पावसानं मॅच पाचला सुरू झाली आणि अकराला हॉटेल बंद व्हायची वेळ झाली तेव्हा निकाल लागलेला नव्हता. अण्णांनी शटर अर्धं ओढलं, शेगडी बंद केली, पण टीव्ही चालू ठेवला. शफाली, जी प्रतिका जखमी झाल्यावर ऐनवेळी टीममध्ये आली, तिच्या ८७ धावा आणि दोन विकेट. शतक करून उभ्या त्यांच्या वोल्व्हार्टचा झेल अमनजोतच्या हातून दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा बसला. दीप्तीच्या पाच विकेट, शेवटचा झेल हरमनप्रीतचा, वर्ल्ड कप आपला. तेव्हा अण्णांनी उठून शटर पूर्ण खाली घेतलं, रिमोट हातात घेतला आणि पहिल्यांदाच आवाज लावला. पाचवर. आम्ही सगळे टीव्हीजवळ गोळा होऊन ऐकत होतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. चहा कडक, पण साखर फार, ‘कमी साखर’ आधी सांगा. मिसळ चांगली असली तरी सकाळी अकरापर्यंत संपते, दुपारच्या पाळीवाल्यांना मिळत नाही. संध्याकाळी सहा ते आठ कटवडा घ्या, कट ताजा असतो, तिखट पण घसा न जाळणारा. भडंगावर कांदा-कोथिंबीर मागितली तर हात आखडता घेत नाहीत. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. आम्ही हॉस्पिटलचं वापरतो, बाहेरून येणाऱ्यांची पंचाईत होते. अण्णांना सांगून झालंय, पण जागाच नाही म्हणतात. त्याचा एक तारा कापते, बाकी चार पूर्ण.

आडोसा परत लागलेला नाही. बाकडं अजून पुढंच आहे आणि मॅच नसली तरी आया-मावश्या तिथंच बसतात.

२०२६च्या जूनमध्ये इंग्लंडला महिलांचा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप आहे. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागं, म्हणजे काही मॅच आपल्याकडं रात्रीच्या. परवा अण्णांना विचारलं, रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवाल का. त्यांनी गल्ल्यातून बिलबुक काढलं, कोरं पान उलटं केलं आणि पेन माझ्यापुढं सरकवलं. “जूनमधल्या तुमच्या ड्युट्या लिवून द्या आधी.”