सम की खुरी? जैसलमेरची संध्याकाळची उंटसफर

जैसलमेरहून समच्या वाळूच्या टेकड्या पश्चिमेला साधारण 40 किलोमीटर. खुरी नैर्ऋत्येला, जरा लांब. समला तंबूंच्या रांगा, जीपगाड्यांची घरघर, रात्री कालबेलिया नाच. सूर्यास्ताला तर जत्राच! लहान मुलं, मोठा गोतावळा असेल तर तेच सोयीचं, जेवण-मुक्काम सगळं हाताशी.

निवांतपणा हवा असेल तर मात्र मी खुरीच सांगेन. मातीच्या घरांचं गाव, गर्दी बेताची, आणि उंटवाल्याशी दोन शब्द बोलता येतात. (हिंदी चालते.)

दर आणि किती वेळ फिरवणार, हे दोन्हीकडे बसण्याआधीच ठरवा. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, तेव्हा मागे रेलून बसा. डिसेंबरात स्वेटर हवाच. सूर्य बुडाला की वाळू झपाट्याने गार पडते.