इनस्क्रिप्ट येणाऱ्यासाठी विंडोजमधला पंजाबी कळफलक

संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती गुरुमुखी आणि देवनागरी अशी समोरासमोर टंकून देण्याचे काम नांदेडमध्ये माझ्याकडे आले, तेव्हा पंजाबीसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागेल अशी माझी समजूत होती. तशी गरज पडली नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत पंजाबी जोडली की कळफलक मिळतो आणि विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून मराठीतून पंजाबीत जाता येते. यादीत पाकिस्तानातील अरबी लिपीची पंजाबीही असते, म्हणून निवडताना भारताची, गुरुमुखी पंजाबी पाहून घ्यावी.

यात दोन पर्याय आहेत: रोमन अक्षरांवरून शब्द सुचवणारा फोनेटिक आणि भारतीय लिपींसाठी प्रमाण ठरलेला इनस्क्रिप्ट. ज्याला मराठी इनस्क्रिप्ट येते, त्याने दुसराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क, त, प, र या अक्षरांच्या कळा त्याच जागी असल्यामुळे बोटांना नव्याने फारसे काही शिकवावे लागत नाही. शिकायची असते ती लिपी. ‘पक्का’ लिहिताना आपण क, हलंत, क असे टंकतो, पण गुरुमुखीत प नंतर अद्दक, म्हणजे पुढचे व्यंजन दुहेरी असल्याचे चिन्ह, देऊन एकच क लिहितात. ‘प्रेम’मध्ये मात्र हलंत लागतो आणि र अक्षराच्या पायाशी बसतो. अनुस्वारासाठी टिप्पी आणि बिंदी अशी दोन चिन्हे आहेत, त्यांच्या जागा पडद्यावरचा कळफलक उघडून एकदा पाहून घ्याव्यात.

फोनेटिक पर्याय पत्रव्यवहाराला सोयीचा आहे, परंतु गुरबाणीच्या, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबातील रचनांच्या, मजकुराला तो पुरा पडत नाही. तेथे ‘नामु’सारख्या शब्दांतला शेवटचा उकार लिहिला जातो, पण सहसा उच्चारला जात नाही, आणि उच्चारावरून टंकणाऱ्याच्या हातून नेमका तोच सुटतो. पवित्र ग्रंथाच्या पाठात एक मात्रा गळणे ही लहान चूक नव्हे. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक मात्रा स्वतः द्यावी लागते, त्यामुळे डोळा मूळ पानावरच राहतो.

अनमोललिपीसारख्या, रोमन अक्षरांच्या जागी गुरुमुखी आकार दाखवणाऱ्या जुन्या फाँटमध्ये नवे काम सुरू करू नये. मला आलेली पहिली काही पाने तशीच होती; तो फाँट संगणकावर नसल्याने ‘पंजाबी’ या शब्दाच्या जागी पी, एम, जे, डब्ल्यू, बी, आय ही रोमन अक्षरे दिसत होती. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, तर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीत, आपल्या मराठीप्रमाणेच नंतर, म्हणून ती पाने मी पुन्हा पहिल्यापासून टंकली. आता पूर्ण गुरुमुखी मजकूर रावी या युनिकोड फाँटमध्ये आहे, आणि त्यात ‘हरि’ शोधले की ते जिथे जिथे आले आहे तिथे सापडते.