आठ तुकड्यांचा मेंदू: पैसे वसूल, पण अनुमस्तिष्क पडतं

आमच्या शाळेत मेंदू म्हणजे भिंतीवरचा एक तक्ता. खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला, म्हणजे नेमकं मस्तिष्कपुच्छच, मेंदूच्या देठाचं खालचं टोक, गायब. अकरा वर्षं मी नववीच्या पोरांना त्या भोकाकडे बोट दाखवून ‘इथून श्वास चालतो, इथून हृदयाचे ठोके’ असं शिकवत आले. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत पदरचे 2,190 रुपये घालून ऑनलाइन मॉडेल मागवलं. प्लॅस्टिकचं, खऱ्या मेंदूएवढं, आठ तुकड्यांचं. चार महिने वापरलं, मग लिहायला बसले.

वळ्या छान ओतल्या आहेत, बोट फिरवलं की प्रत्येक खाच लागते. मधून उघडलं की दोन अर्धांना जोडणारा पांढरा पट्टा, कॉर्पस कलोसम, लगेच दिसतो. तक्त्यावर तो एक रेघ होता. मात्र आठ तुकडे म्हणजे आठ भाग असं समजू नका. एका बाजूला चारच तुकडे: फ्रॉन्टल (कपाळामागचा) आणि पॅरायटल (माथ्याखालचा) लोब मिळून एक, टेम्पोरल (कानाजवळचा) आणि ऑक्सिपिटल (मागचा) मिळून दुसरा, मग मेंदूच्या देठाचा अर्धा भाग आणि अनुमस्तिष्काचा, म्हणजे मागच्या खालच्या छोट्या मेंदूचा, अर्धा. दुसऱ्या बाजूला तेच. सोबतचा कागद इंग्रजीत, आणि त्यात 17 नंबर दोनदा. मी मराठी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

वजनाने मात्र फसवलं. खिचडीच्या काट्यावर ठेवलं तर स्टँडसकट 900 ग्रॅमसुद्धा भरेना. खरा मेंदू 1300 ते 1400 ग्रॅमचा. मग पिशवीत 1350 ग्रॅम बटाटे भरून वर्गात फिरवले. ‘एवढं डोक्यात घेऊन फिरतो आपण?’ हा प्रश्न मॉडेल बघून नाही, बटाटे उचलून आला.

आता अनुमस्तिष्क. त्याची खुंटी पहिल्याच आठवड्यात सैल झाली. तास चालू असताना ते टेबलावरून घरंगळत पहिल्या बाकाखाली गेलं. वर्ग हसला आणि मागून आवाज आला, ‘मॅडम, आता ह्याचं चालणं गटारीच्या रात्रीसारखं!’ मी रागवायच्या बेतात होते, पण पोरगं बरोबर बोललं होतं. दारू अनुमस्तिष्काला गाठते, म्हणून तर तोल जातो आणि जीभ जड होते. मग डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावायचा खेळ झाला. ‘हालचालींचा समन्वय राखणे’ हे वाक्य त्या दिवसापासून कुणी पाठ केलेलं नाही, सगळ्यांना येतं.

देठाच्या तुकड्यावर मी लाल-निळी लोकर गुंडाळली. हालचालीचे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात, ते दाखवायला. एक मुलगा बराच वेळ ती फुली बघत होता. त्याच्या आजोबांना अर्धांगवायू झालाय. उजवं अंग गेलं, आणि बोलणं म्हणजे फक्त ‘हां’. मी डावा अर्ध त्याच्या हातात दिला, फ्रॉन्टल लोबच्या खालच्या मागच्या भागावर त्याचं बोट ठेवलं आणि सांगितलं, 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे असाच एक रुग्ण होता. त्याला ‘तां’ एवढंच म्हणता यायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला, तर इजा डावीकडे, इथेच. पोरगा म्हणाला, ‘पण मॅडम, संध्याकाळी घरात हरिपाठ सुरू झाला की आजोबा बरोबरीनं म्हणतात. सगळे शब्द येतात.’

ह्याचं उत्तर 2,190 रुपयांत नव्हतं. वाचा गेलेल्या कित्येकांना पाठ असलेलं, चालीत म्हटलेलं येत राहतं, आणि त्यात उजवा अर्ध हात देत असावा असं मानतात, एवढं मी सांगितलं. पण मॉडेलचा रंग तर सांगतो की भाषा ह्या केशरी ठिपक्यात राहते. माझी खरी तक्रार हीच आहे. सातबाऱ्यावर गट नंबर पाडावेत तसे रंग पाडलेत, बांध घातल्यासारखे. कामं अशी बांधाच्या आत राहत नाहीत. डोकं म्हणजे कप्प्यांचं कपाट, असं पोरांना वाटून जातं आणि ते पुसायला अजून एक तास लागतो.

त्या तासासाठी मी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं भेजं आणलं. (शाकाहारी पालकांची परवानगी घेतली. दोन मुली बाहेर बसल्या, बसू दे.) रंग एकच, फिकट गुलाबी-करडा. हाताला खरवसासारखं लागतं, जोर दिला की बोट आत जातं. केशरी ठिपका शोधा म्हटलं, कुणाला सापडला नाही. अनुमस्तिष्क तेवढं बारीक रेघांमुळे लगेच ओळखलं. समोर लोंबणाऱ्या वासाच्या गाठी बघून पोरांना कळलं की बकऱ्याला वास किती महत्त्वाचा. हेल्मेट का घालायचं हे मी सांगितलंच नाही, एकाने स्वतःच विचारलं.

म्हणजे मॉडेल घ्यायचं की नाही? शाळेला घ्या, पाचपैकी साडेतीन. घरी एका मुलाच्या प्रकल्पासाठी एवढे पैसे घालू नका, चिकणमातीचा करा. विक्रेत्याला खुंटीचा फोटो पाठवला, तर ‘वापरताना काळजी घ्यावी’ असं उत्तर आलं. बदलून काही मिळालं नाही. सैल खुंटीला मी सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती बसवली आहे. फेव्हिक्विक लावू नका, अनुमस्तिष्क पुन्हा सुटायला हवं.